मुलं कुठे अडतात, तिथून सुरुवात करा

प्राध्यापकांचे प्रश्न : डिजिटल अध्यापन

या महिन्याच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: डिजिटल अध्यापन शिकायचं कसं आणि शिकलेलं वर्गात उतरवायचं कसं. मी सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, रसायनशास्त्र शिकवते आणि सुट्ट्यांमध्ये इतर महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांसाठी कार्यशाळा घेते. त्यामुळे बरीच उदाहरणं माझ्या प्रयोगशाळेतली आणि त्या कार्यशाळांतली आहेत. पत्रं जागेअभावी संक्षिप्त केली आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी सोलापूर जिल्ह्यात अर्थशास्त्राचा सहायक प्राध्यापक आहे. लॉकडाऊनपासून ऑनलाइन एफडीपी (प्राध्यापकांसाठीचे प्रशिक्षण कार्यक्रम) आणि वेबिनार भरपूर केले, प्रमाणपत्रांची फाईल जाड झाली. काहूट, कॅनव्हा, पॅडलेट, मेंटीमीटर ही सगळी नावं तोंडपाठ आहेत. पण वर्गात गेलो की पीपीटी आणि खडू-फळा, त्यापुढे काही होत नाही. एफ.वाय.ला ऐंशी मुलं आहेत. बरीचशी एसटीने ये-जा करतात, कुणाकडे फोन आहे, कुणाकडे नाही, आणि वर्गात रेंज नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सर, तुम्ही केलेल्या एफडीपींमध्ये साधनाची ओळख झाली. पण तुमच्या पेपरात मुलं कुठे अडतात, हे बहुधा कुणी विचारलं नसेल. दोनशे जण एका झूमवर बसलेले, त्यात कुणी संस्कृतचे, कुणी प्राणिशास्त्राचे, कुणी कॉमर्सचे. त्या सगळ्यांना एकच साधन दाखवलं तर ते वर्गात उतरत नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू केलर या शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्येच मांडलं होतं की विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान ही तीन स्वतंत्र खाती ठेवून भागत नाही. अमुक घटक, अमुक मुलांना, अमुक साधनाने कसा शिकवायचा, हे तिन्हींच्या मिळून येणारं चौथं ज्ञान आहे. ते झूमवर मिळत नाही. स्वतःच्या एका घटकावर बसून काम केलं की मिळतं.

म्हणून साधनांची यादी तूर्त बाजूला ठेवा. गेल्या तीन-चार परीक्षांच्या उत्तरपत्रिका आठवा आणि दरवर्षी हमखास चुकणारी एक जागा शोधा. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांसोबत मी हे करते तेव्हा एक उत्तर वारंवार येतं: मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत एक टक्क्याने बदलली की मागणी किती टक्क्यांनी बदलते. मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात, सूत्र लिहितात, पाच प्रकारांच्या आकृत्या काढतात. पण मागणीवक्र सरळ रेषा असेल तर लवचिकता रेषेवर सगळीकडे सारखीच, असं मनात धरून चालतात. उतार आणि लवचिकता यांची गल्लत. पीपीटीत आणखी दोन स्लाइड घातल्या तरी ती सुटत नाही, कारण आपण चुकतो आहोत हे मुलाला कळलेलंच नसतं.

आता हा तास असा घ्या. फळ्यावर एक सोपी मागणी मांडा: किंमत आणि मागणी यांची बेरीज नेहमी १०. म्हणजे किंमत ८ रुपये असेल तर २ नग खपतात, ७ असेल तर ३, आणि २ असेल तर ८. मग विचारा: किंमत ८ वरून ७ वर आली आणि दुसऱ्या वेळी ३ वरून २ वर आली. दोन्ही वेळा किंमत एका रुपयाने उतरली, खप एका नगाने वाढला. लवचिकता कुठे जास्त? अ) पहिल्या वेळी, ब) दुसऱ्या वेळी, क) दोन्ही वेळा सारखी, ड) सांगता येणार नाही.

कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपलं उत्तर वर करून दाखवायचं. फोन लागत नाही. प्लिकर्स नावाचं साधन आहे, त्यात प्रत्येक मुलाकडे छापील कागद असतो आणि तो कोणत्या बाजूने वर धरला यावरून अ-ब-क-ड ठरतं. तुम्ही तुमच्या एकट्याच्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवलात की कुणी काय उत्तर दिलं ते फोनवर येतं. त्याचे वेगवेगळे कागद जास्तीत जास्त ६३ मुलांपुरतेच असतात, म्हणून ऐंशी मुलांचे दोन गट करून एकामागून एक मत घ्या, आणि मागच्या बाकापर्यंत कागद नीट टिपला जाईल ना, ते आधी करून बघा. नाही जमलं तर चार रंगांचे कार्ड पेपर कापून द्या, अंदाज तेवढ्यानेही येतो.

बरीच मुलं 'क' दाखवतील. तेव्हा उत्तर सांगून टाकू नका, हीच या तासातली मोलाची जागा आहे. शेजारच्याला पटवून द्या म्हणावं आणि तीन मिनिटं वर्गात गलका होऊ द्या. मग पुन्हा मत घ्या. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून अशा पद्धतीने शिकवत आले आहेत. साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं पहिलं उत्तर बरोबर असेल तेव्हा ही चर्चा सर्वात फळते. त्याहून फारच कमी असेल तर मुद्दा आधी थोडा समजावून पुन्हा विचारावा लागतो.

दुसऱ्या मतानंतर मुलांनाच टक्के काढू द्या. ८ चे ७ झाले म्हणजे किंमत साडेबारा टक्क्यांनी उतरली, आणि २ चे ३ झाले म्हणजे खप पन्नास टक्क्यांनी वाढला. लवचिकता ४. खाली ३ चे २ झाले तिथे किंमत तेहतीस टक्क्यांनी पडली आणि खप जेमतेम चौदा टक्क्यांनी वाढला. लवचिकता जेमतेम ०.४३. मग दुकानदाराचा गल्ला मोजायला सांगा. पहिल्या वेळी १६ रुपयांचे २१ झाले आणि दुसऱ्या वेळी २१ चे १६. भाव पाडून एकदा फायदा आणि एकदा तोटा का, हे सोलापूरकडच्या शेतकऱ्याच्या मुलाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इथवर आल्यावर जिओजेब्रा काढा, त्याआधी नको. त्याचं आलेखाचं ॲप एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. वाय बरोबर दहा वजा एक्स ही रेषा काढा (वाय म्हणजे किंमत, एक्स म्हणजे मागणी), रेषेवर एक बिंदू ठेवा आणि त्या बिंदूचा वाय भागिले एक्स ही संख्या बाजूला दिसू द्या. या रेषेचा उतार वजा एक आहे, म्हणून तीच संख्या त्या बिंदूवरची लवचिकता. एखाद्या मुलीला पुढे बोलवा आणि बोटाने बिंदू सरकवायला सांगा. वर ४, मध्यावर बरोबर १, खाली पाव. रेषा तीच, उतार तोच, आणि आकडा बदलत चाललेला वर्ग डोळ्यांनी पाहतो. हे काम खडूने होत नाही, म्हणून इथे डिजिटल साधन हवं.

तास संपल्यावर वहीत दोन ओळी लिहा: पहिल्या मतात किती बरोबर, दुसऱ्यात किती, आणि चर्चेत मुलांनी कोणतं कारण दिलं. पुढच्या वर्षी हीच वही तुमचं खरं प्रशिक्षण ठरेल. या सत्रात असा एकच घटक करा. पुढच्या सत्रात दुसरा. वर्षाला दोन घटक झाले तरी ते पक्के असतील.

प्रश्न : मी नाशिकला शिकवते. माझा कॅसचा (पदोन्नतीचा) प्रस्ताव पुढच्या वर्षी आहे. स्वयम या केंद्र सरकारच्या व्यासपीठावरचा ऑनलाइन कोर्स रिफ्रेशरऐवजी चालतो का? सहकारी प्रत्येकजण वेगळं सांगतात.

उत्तर : १८ जुलै २०१८ च्या यूजीसी विनियमांनुसार (महाराष्ट्रात ते ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू झाले) वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ वर जाताना अध्यापन पद्धतीवरचा २१ दिवसांचा ओरिएंटेशन हवाच. त्याशिवाय जे एक लागतं त्याला पर्याय दिलेले आहेत: रिफ्रेशर किंवा संशोधन पद्धतीचा कोर्स, किमान आठवड्याचा एफडीपी, प्रमाणपत्रासह पूर्ण केलेला एक मूक (स्वयमवर असतो तसा खुला ऑनलाइन अभ्यासक्रम), किंवा स्वतः चार विभागांत तयार केलेलं ई-साहित्य. म्हणजे मूक चालतो. मात्र तो तुमच्या मूल्यमापनाच्या कालावधीत झालेला हवा आणि परीक्षा दिलेली हवी. नुसती नोंदणी करून व्हिडिओ पाहिले तर उपयोग नाही. तुमची लेव्हल दुसरी असेल तर अटी बदलतात, म्हणून विनियमांचं ते पान स्वतः वाचा आणि आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयकांकडून लेखी खात्री करून घ्या. सहकाऱ्यांच्या ऐकीव माहितीवर प्रस्ताव लावू नका.

प्राध्यापकांना प्रशिक्षण देणारी पूर्वीची एचआरडीसी केंद्रं आता मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं झाली आहेत. माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान हा त्यांच्या कार्यक्रमातल्या आठ विषयांपैकी एक. पर्याय असेल तर गुण कुठे लवकर मिळतील यापेक्षा कुठे तुमच्याकडून पाठ तयार करून घेतात आणि त्यावर कुणी अभिप्राय देतं, ते पाहून अर्ज करा. आणि चार विभागांचं ई-साहित्य हा पर्याय आपले लोक फार कमी घेतात, याचं मला वाईट वाटतं. व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चेची जागा आणि चाचणी, हे चारही तुमच्याच एका पेपरासाठी करायचे. मेहनत जास्त आहे, पण ते दहा वर्षं तुमच्या मुलांच्या उपयोगी पडेल.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात मराठीचा विभागप्रमुख आहे. निवृत्तीला चार वर्षं उरली आहेत. वीस वर्षांच्या नोट्स श्रीलिपीत टाइप केलेल्या आहेत. ग्रुपवर पाठवल्या की मुलांच्या फोनवर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. पीडीएफ केली तर दिसते, पण वर्गात एक अंध विद्यार्थिनी आहे, तिला तीही वाचता येत नाही. हे सगळं पुन्हा टाइप करायचं का?

उत्तर : सर, वीस वर्षांच्या नोट्स म्हणजे मोठा ठेवा आहे, तो वाचवायलाच हवा. पुन्हा टाइप करायची गरज नाही. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. तो फॉन्ट ज्या यंत्रावर नाही तिथे मूळचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. युनिकोडमध्ये 'क' ला जगभर एकच क्रमांक आहे, म्हणून तो कोणत्याही फोनवर 'क' च दिसतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं, उदाहरणार्थ फुकट मिळणारं एनव्हीडीए, त्या क्रमांकावरूनच वाचतात. तुमची पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण तिच्या आत अजून इंग्रजी अक्षरंच आहेत. म्हणून त्या मुलीला निरर्थक आवाज ऐकू येतात.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी रूपांतर साधनं मिळतात. तुमच्या फाईल नेमक्या कोणत्या फॉन्टमधल्या आहेत ते आधी पाहा, कारण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असते. रूपांतरानंतर तीन जागा डोळ्यांखालून घाला. पहिली वेलांटी 'कि'सारख्या अक्षरात चुकीच्या जागी उडी मारते. रफार पुढच्या किंवा मागच्या अक्षरावर जातो. आणि 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र हमखास बिघडतो. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' शोधून एकदा तपासले की बरंचसं काम आटोपतं. कवितांच्या ओळी मात्र स्वतः वाचा, तिथे यंत्रावर विसंबू नका.

ज्या नोट्स फक्त कागदावर आहेत त्या स्वच्छ स्कॅन करा, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. छापील देवनागरी ते बऱ्यापैकी ओळखतं. हस्ताक्षर असेल तर बोलून टाइप करणं सोपं जाईल. फोनच्या कीबोर्डवर मराठी भाषा निवडून माइकचं बटण दाबा आणि वर्गात शिकवता तसं बोला. विरामचिन्हं नंतर घालायची.

आणि एक. दस्तऐवजात मथळे नुसते ठळक करू नका, मथळ्याची शैली वापरा. डोळस वाचक पानावर नजर फिरवून हवा तो भाग शोधतो. ती विद्यार्थिनी मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारत शोधते, आणि मथळेच नसतील तर तिला प्रत्येक वेळी पहिल्या ओळीपासून ऐकावं लागतं. सर्वात आधी तिच्या या सत्राच्या पेपरच्या नोट्स करा. मराठी विश्वकोशाच्या नोंदी युनिकोडमध्ये खुल्या आहेत, त्या ती आजपासूनच ऐकू शकेल. ते तिला सांगा.

प्रश्न : मी सिंधुदुर्गात भौतिकशास्त्र शिकवतो, नोकरीला दोन वर्षं झाली. पूर्ण तासाचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकतो. मुलं दोन-तीन मिनिटांत सोडून देतात. चांगला कॅमेरा घ्यावा का?

उत्तर : कॅमेऱ्याचे पैसे वाचवा. तुमच्या मुलांचं लक्ष कमी आहे असंही समजू नका. संशोधक फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरच्या व्हिडिओ पाहण्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी निम्मे तरी प्रेक्षक सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हते, आणि ते जगभरातून स्वतःहून नाव नोंदवलेले लोक होते. पन्नास मिनिटांचा तास वर्गात चालतो, कारण तिथे तुम्ही चेहरे पाहून थांबता, विचारता, पुन्हा सांगता. रेकॉर्डिंगमध्ये यातलं काहीच उरत नाही.

व्हिडिओ कशासाठी हवा हे ठरवा. माझं उदाहरण देते. अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) फिनॉल्फ्थॅलिन घातलेल्या आम्लात ब्युरेटमधून अल्कली सोडताना एका थेंबाने रंगहीन द्रावण फिकट गुलाबी होतं आणि तो रंग टिकतो. तो शेवटचा बिंदू. बॅचमधल्या वीस मुलांना तो एक थेंब टेबलाभोवती उभं राहून दिसत नाही. मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. मग प्रत्येकजण गडद गुलाबी होईपर्यंत सोडत राहतो आणि सगळ्यांची वाचनं जास्त येतात. त्यावर मी फोन स्टँडला लावून फ्लास्कचं जवळून चित्रीकरण केलं. मागे पांढरा कागद, खिडकीचा उजेड, फक्त शेवटचे काही थेंब. मधे एक गुलाबी छटा येते आणि फ्लास्क हलवल्यावर जाते, तिथे चित्र थांबतं आणि प्रश्न येतो: आता थांबायचं का? तेवढाच व्हिडिओ, दोन मिनिटांच्या आतला. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी मुलं तो पाहून येतात, आणि अल्कली थेंबाथेंबाने सोडायला आता मला ओरडून सांगावं लागत नाही.

तुमच्याकडे असं काय आहे? व्हर्नियरचा शून्य पुढे सरकलेला असताना वाचन कसं घ्यायचं, हे जवळून दाखवा. गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यापाशी येताना दाखवा. ज्याचं चित्रीकरण जमणार नाही तिथे कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स आहेत. त्यांतली बरीच मराठीतही आहेत. प्रात्यक्षिकांसाठी केंद्र शासनाच्या व्हर्च्युअल लॅब्ज आहेत.

पैसे घालायचेच असतील तर शर्टाला लावायच्या छोट्या माइकमध्ये घाला. चित्र धूसर असलं तर मुलं चालवून घेतात, आवाज घुमला की बंद करतात. पंखा बंद ठेवा. फाईल लहान ठेवा, कारण घाटाखालच्या गावात मुलगी दिवसाच्या उरलेल्या डेटावर ती उतरवणार आहे. आणि प्रत्येक व्हिडिओनंतर लगेच करायला काहीतरी द्या. आयआयटी मुंबईच्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि जयकृष्णन वारियम यांनी प्राध्यापकांसाठी मूक घेतले तेव्हा त्यांची सगळी रचनाच अशी होती: छोटा व्हिडिओ, त्यात थांबून विचार करायला लावणारा प्रश्न, मग करून पाहायचा सराव आणि त्यावर लगेच अभिप्राय.

प्रश्न : गोव्यात इंग्रजी शिकवते. सगळे असाइनमेंट एआयने लिहून येतात. तपासणारं सॉफ्टवेअर घ्यायचं असं आमच्या विभागात ठरतंय. कोणतं चांगलं?

उत्तर : कोणतंही घेऊ नका, हे मी अगदी आग्रहाने सांगते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं तपासणी साधन आणलं होतं, आणि अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये ते मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले निबंध त्यांनी सरासरी निम्म्याहून जास्त वेळा यंत्राचे ठरवले. साधे शब्द, छोटी सरळ वाक्यं, ही त्या साधनांना यंत्राची खूण वाटते. तुमच्या वर्गात कोंकणी-मराठी बोलत वाढलेली मुलं शब्दकोश उघडून असंच जपून इंग्रजी लिहितात. प्रामाणिक मुलीवर चोरीचा आळ आला तर ती पुन्हा स्वतःहून लिहायला धजणार नाही.

असाइनमेंट बदला. 'माझं आवडतं शहर'सारखा विषय दिला तर यंत्र लिहिणारच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊन मयड्याची केळी विकणाऱ्या बाईंशी बोलायला सांगा. संभाषण कोंकणीत टिपायचं, वर्गात तुमच्यासमोर त्यातले तीन परिच्छेद इंग्रजीत हाताने लिहायचे, मग घरी सुधारायचे. सुधारताना एआय वापरलं तर चालेल, पण कोणती सूचना घेतली, कोणती टाकली आणि का, हे शेवटी लिहायचं. पहिला मसुदा आणि शेवटचा एकत्र जमा करायचा. मग प्रत्येकीशी दोन मिनिटं बोला: 'बाईंनी हे म्हटलं तेव्हा तुला काय वाटलं?' वर्ग मोठा असेल तर चिठ्ठ्या टाकून दहा जणांशी बोला, पण नाव कुणाचंही निघू शकतं हे सगळ्यांना आधी सांगा.

याला वेळ लागतो. म्हणून सत्रात पाच असाइनमेंट असतील तर दोन करा. विद्यापीठाच्या नियमात अंतर्गत मूल्यमापनाला काय चालतं ते विभागाने पाहावं, पण सॉफ्टवेअरचे पैसे वाचवून हा वेळ काढता येईल का, हा प्रश्न त्या बैठकीत तुम्ही जरूर मांडा.

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यातील एका महाविद्यालयाचा प्राचार्य आहे. डिजिटल अध्यापनावर बाहेरचे तज्ज्ञ बोलावून एक दिवसाची कार्यशाळा घ्यायची आहे. नॅकसाठीही (महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी) लागेल. काय विषय ठेवावेत?

उत्तर : सर, कार्यशाळा घ्या, पण आलेल्या तज्ज्ञांनी भाषण करू नये अशी अट घाला. तुमचे पाच प्राध्यापक, प्रत्येकाचा एक अडलेला घटक, आणि तज्ज्ञ त्यांच्या शेजारी बसून त्या घटकाचा एक तास आखून देतील, असा दिवस ठेवा. पुढे दर पंधरवड्याला त्याच पाच जणांची तासभर बैठक, आणि महिन्यातून एकदा एकमेकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसणं. तो तास वेळापत्रकात छापा. 'सवड मिळेल तसं भेटा' म्हटलं की परीक्षेच्या कामात बैठका बुडतात. वर्गाचे फोटो, आखलेले तास, पहिल्या-दुसऱ्या मताचे आकडे, मुलांचे अभिप्राय, हे सगळं नॅकच्या फाईलला व्यासपीठावरच्या फोटोपेक्षा जास्त उपयोगी आहे.

दुसरी गोष्ट मनापासून सांगते. तुमच्याकडेही एफ.वाय.चे बरेच तास सीएचबीवरचे (तासिका तत्त्वावरचे) प्राध्यापक घेत असतील. अशा प्रशिक्षणांच्या याद्यांत त्यांची नावं सहसा नसतात. त्यांना रजा नाही, प्रवासभत्ता नाही, आणि कार्यशाळेला बसलं तर त्या दिवसाच्या तासिका बुडून मानधन कापलं जातं. त्या पाचांत दोघं तरी सीएचबीचे ठेवा आणि तो दिवस त्यांच्या तासिकांत धरा, असा ठराव महाविद्यालय विकास समितीत करून घ्या. स्वयमचे अभ्यासक्रम शिकायला मोफत आहेत, शुल्क परीक्षा द्यायची असेल तरच. ते परीक्षाशुल्क महाविद्यालयाने भरावं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधले बरेच पाठ मराठी आवाजातही आहेत. ते संगणक कक्षात आधीच उतरवून ठेवा, म्हणजे नेट नसलं तरी कुणालाही बसून शिकता येईल. संगणक कक्षाची किल्ली चार वाजल्यानंतर कुणाकडे असेल, तेही त्याच ठरावात लिहा.